लेहला राहायला जाताय? बूट घ्या, पेस ठाण्यातच ठेवा

लेहला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढलो. पाचेकशे पायऱ्या. ठाण्यातल्या येऊरचा चढ आठवड्यातून दोनदा करणाऱ्या माणसाला त्यात काय विशेष, असा माझा हिशोब होता. शंभराच्या आसपास कठडा धरला, दोनशेला खाली बसलो, आणि संध्याकाळपर्यंत डोकं असं ठणकत होतं की घरमालकीण आमा-लेंनी पुढ्यात ठेवलेल्या थुक्प्याकडे (नूडल्सचं सूप) बघवेना. (आमा म्हणजे आई, 'ले' हा आपल्या 'जी'सारखा आदराचा शब्द.) त्या एवढंच म्हणाल्या, "कुले कुले." हळूहळू. पुढचे दोन महिने मी हाच कार्यक्रम पाळला आणि तोच इथे सविस्तर लिहितो आहे. लॅपटॉपवरचं काम घेऊन एखाद-दोन महिने डोंगरात राहायला जाणारे आता बरेच आहेत आणि त्यातले काही आपल्यासारखे पळणारेही आहेत, त्यांच्यासाठी.

आधी ठरवा, कशासाठी जाताय

वेग वाढवायला जात असाल तर लेह ही चुकीची जागा आहे. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. व्यावसायिक धावपटू सरावासाठी राहतात ती ठिकाणं बरीच खाली असतात. केनियातलं इटेन साधारण २,४०० मीटरवर, आपलं उटी २,२४० मीटरवर. बीडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे अमेरिकेत ज्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये सरावाला राहिला, ते तर १,८४० मीटरच्या आसपास. या उंचीवर शरीराला रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवायची सूचना मिळते आणि तरीही बऱ्यापैकी वेगात पळता येतं. लेहमध्ये सूचना मिळते, पण वेगात पळता येत नाही. इंटरव्हल (थोडं अंतर जोरात पळायचं, थांबायचं, पुन्हा पळायचं) इतके मंदावतात की पायांना वेगाचा विसर पडायला लागतो.

उंची काय करते ते १९६८ च्या मेक्सिको सिटी ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिलं. उंची उटीएवढीच, २,२४० मीटर. दहा हजार मीटरची शर्यत २९ मिनिटं २७ सेकंदांत जिंकली गेली, आणि त्या वेळचा विश्वविक्रम होता २७ मिनिटं ३९ सेकंद. तेही जगातले सर्वोत्तम धावपटू पळत असताना. मग लेहमध्ये तुमच्या-माझ्यासारख्यांचं काय होणार?

चढाची सवय करायची असेल, सप्टेंबरातली लडाख मॅरेथॉन पळायची असेल, किंवा जुलै-ऑगस्टच्या पावसात ठाण्यात पळून बुटांना बुरशी आणण्याचा कंटाळा आला असेल, तर मात्र लेहसारखी जागा नाही. तिथे वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे जुलैत एका दिवसात तेवढा पडून जातो.

निघण्यापूर्वी

महिनाभर आधी रक्त तपासून घ्या. फक्त हिमोग्लोबिन पुरत नाही, फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा. नव्या तांबड्या पेशींना लोह लागतं, आणि ते साठ्यात नसेल तर उंचीवर राहूनही पेशी म्हणाव्या तशा वाढत नाहीत. शाकाहारी रनर आणि पाळी सुरू असलेल्या बायकांनी तर ही तपासणी टाळूच नये. तपासणीशिवाय लोहाच्या गोळ्या मात्र सुरू करू नका. बीपी, दमा, हृदयाचा काही त्रास असेल किंवा गरोदर असाल, तर तिकीट काढण्याआधी डॉक्टरांकडे जा.

त्याच भेटीत दोन गोष्टी विचारून घ्या. एक, उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स (म्हणजे ॲसिटाझोलामाइड) घ्यायची का, किती आणि कधीपासून. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ती आवर्जून सांगा. या गोळीने बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं आणि सोडा चमत्कारिक लागतो, त्याने घाबरू नका. दुसरी गोष्ट रेबीजची प्रतिबंधक लस. ती कशाला, ते पुढे कळेल.

सामानात पोस्टपेड सिम घ्या, बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड तिथे चालत नाही. सनस्क्रीन, गॉगल, ओठांना लावायचं काहीतरी, नाकात घालायला मिठाच्या पाण्याचे थेंब (हवा इतकी कोरडी की पहिल्या आठवड्यात नाकातून रक्ताचे ठिपके येतात), पातळ विंडचीटर, हातमोजे. बुटांना चांगली पकड हवी, कारण डांबरी रस्ता सोडला की सगळी भुसभुशीत खडी.

जायचं कसं

विमानाने गेलात तर दिल्लीहून सव्वा-दीड तासात तीन हजार मीटरांच्या वर. शरीराला काही कळायच्या आत. रस्त्याने श्रीनगर-कारगिल-लेह हा मार्ग सगळ्यात सोयीचा. झोजी ला (ला म्हणजे खिंड) ३,५२८ मीटरचा आहे, पण मुक्काम कारगिलला, २,६७६ मीटरवर होतो. वर चढायचं आणि झोपायला खाली यायचं, हे शरीराला मानवतं. मनालीचा रस्ता दिसायला भव्य आहे, पण सरचूला ४,२९० मीटरवर रात्र काढावी लागली तर हाल होतात आणि तिथून पुढे तंगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे. सवय नसलेल्या माणसाने पहिल्या खेपेला तो रस्ता परतीसाठी ठेवावा.

पहिले तीन दिवस

पळायचं नाही. बूट बॅगेतच राहू द्या.

हवेत प्राणवायूचं प्रमाण तिथेही तेच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. त्यामुळे लेहच्या एका श्वासात ठाण्यातल्या श्वासाच्या साधारण ६५ टक्केच प्राणवायू येतो. शरीर लगेच करू शकतं ते एवढंच: श्वास भराभर घेणं आणि हृदय जोरात चालवणं. झोपून राहिलात तरी नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी जास्त असते, म्हणजे काही न करताच व्यायाम चालू असतो. त्यावर आणखी धावणं चढवू नका.

पहिल्या दिवशी नुसतं पडून राहा, जेवा, बाल्कनीत बसा. दुसऱ्या दिवशी सपाटीवर अर्धा तास चाला. तिसऱ्या दिवशी बाजारापर्यंत जाऊन या. दारू नको, झोपेच्या गोळ्या नकोत. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबून मग एकदम धाप लागल्यासारखा सुरू होईल. पहिल्या रात्री मला वाटलं, संपलं आपलं. पण या उंचीवर हे बहुतेकांना होतं आणि काही दिवसांत कमी होतं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर असेल तर नव्वदच्या खालचा आकडा बघून घाबरू नका, आणि चांगला आकडा बघून चेकाळूही नका. आकडा बरा असून डोकं दुखत असेल, तर डोक्याचं ऐका.

डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, झोप न येणं ही साध्या उंचीच्या आजाराची लक्षणं. ती आहेत तोवर आणखी वर जायचं नाही आणि पळायचंही नाही. बसल्याजागी धाप लागणं, ओला खोकला, गुलाबी फेस म्हणजे फुप्फुसात पाणी. तोल जाणं, बरळणं, सुस्ती म्हणजे मेंदूला सूज. घरी करता येण्यासारखी परीक्षा सोपी आहे: टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. जमलं नाही, तर वाट बघत बसू नका.

पुस्तकात लिहिलेलं असतं, लगेच खाली उतरा. लेहमध्ये हे म्हणणं सोपं, करणं अवघड. कारगिल खाली आहे खरं, पण वाटेत फोटू ला ४,१०८ मीटरचा. म्हणजे खाली जाण्यासाठी आधी वर. म्हणून तिथे पहिला दरवाजा रुग्णालयाचा: सोनम नोर्बू स्मृती रुग्णालय गावातच आहे आणि उंचीचे रुग्ण तिथे रोजचेच. आपल्या खोलीपासून तिथवरचा रस्ता आणि एका टॅक्सीवाल्याचा नंबर पहिल्याच दिवशी घेऊन ठेवा.

पहिला रन

चौथ्या किंवा पाचव्या दिवशी, डोकं शांत असेल आणि रात्री झोप लागली असेल तर, वीस मिनिटं. दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला. घड्याळ घालायचंच असेल तर पेसचा (एका किलोमीटरला लागणारी मिनिटं) स्क्रीन बंद करा. हे गमतीने सांगत नाही. ठाण्यात माझा निवांत पेस साडेसहाचा. लेहमध्ये तेवढ्याच श्रमात आठच्या वर जात होता, आणि आकडा दिसला की पाय आपोआप तो सुधारायला धावतात. आपल्या रनिंग ग्रुपला रोजचा रन दाखवायची सवय असेल तर दोन महिने ती मोडा. ग्रुपवर कोणी "काय रे, चालायला गेलायस का?" असं विचारलं तर फोटो टाका, पेस नको.

हृदयाच्या ठोक्यांवर पळायचं म्हटलं तर तेही फसवतं. हलक्या श्रमात ठोके नेहमीपेक्षा जास्त पडतात आणि पूर्ण जोर लावला तर नेहमीच्या कमाल आकड्यापर्यंत पोचत नाहीत. घरचे झोन (ठोक्यांवरून ठरवलेले श्रमाचे टप्पे) इथे लागू नाहीत. त्यापेक्षा बोलून बघा. पळताना एक अख्खं वाक्य न तुटता म्हणता आलं, तर वेग बरोबर. मी शाळेतल्या मनाच्या श्लोकांची उजळणी करायचो. एक ओळ एका श्वासात झाली की ठीक, मधेच तुटली की चालायला लागायचं.

पहिला आठवडा एकाआड एक दिवस, वीस ते तीस मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात चाळीसपर्यंत. तिसऱ्या आठवड्यापासून घरच्या अंतराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत जायला हरकत नाही. इंटरव्हल करायचेच असतील तर छोटे ठेवा, वीस-तीस सेकंदांचे, आणि मधली विश्रांती घरच्यापेक्षा दुप्पट. तांबड्या पेशी वाढायची सूचना शरीराला पहिल्या काही तासांतच मिळते, पण त्या खऱ्या अर्थाने वाढायला तीन-चार आठवडे लागतात. पंधरा दिवसांसाठी जाणाऱ्याने फक्त त्रास सोसून परत यायचं, असा प्रकार होतो.

कुठे पळायचं

लेहमध्ये नवख्याला हमखास फसवणारी गोष्ट ही. येऊर असो की सिंहगड, आपण आधी चढतो आणि दमलो की उतारावरून घरी येतो. लेह गाव मात्र उतारावर वसलेलं आहे. बाजारातून चोगलमसरच्या दिशेने पळालात की सिंधू नदीपर्यंत सगळा उतार. पाय हलके, वारा गार, वाटतं की उंची वगैरे सगळी अफवा. आणि मग मागे वळलं की समोर चढ, डोक्यावर ऊन. लडाख मॅरेथॉनचा शेवटचा टप्पाही नदीकडून लेहकडे असाच चढत येतो आणि भले भले तिथे चालायला लागतात.

म्हणून सुरुवातीला आधी वर जा. चांगस्पा किंवा संकर गोंपाच्या (बौद्ध मठाच्या) बाजूच्या गल्ल्या उत्तम. दोन्ही कडांना पॉप्लर आणि विलोची झाडं, शेजारून वाहणारा पाण्याचा पाट (त्याला तिथे यूरा म्हणतात), गाड्या कमी. जरा सवय झाली की खारदुंग लाच्या रस्त्याने गांगलेसपर्यंत चढ आणि तसंच परत. लाँग रनसाठी नदी ओलांडून स्तोककडचा रस्ता घ्या. शे-ठिकसेचा हमरस्ता नकाशात आकर्षक दिसतो, पण तिथे लष्कराचे ताफे आणि ट्रक असतात. आधीच कमी प्राणवायू, त्यात डिझेलचा धूर कशाला गिळायचा?

वेळ सकाळी साडेसहा ते नऊ. दुपारनंतर वारा सुटतो आणि धूळ उडते. ऊन सौम्य वाटतं पण भाजतं, कारण दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा-बारा टक्क्यांनी वाढत जातात. कानांच्या पाळ्या आणि मान यांना सनस्क्रीन लावायला मी विसरलो होतो. पुढचा आठवडा उशीवर कूस बदलता येईना. आभाळ भरून आलेलं असेल तर कोरड्या नाल्यांच्या पात्रात जाऊ नका. ऑगस्ट २०१० मध्ये एका रात्रीच्या ढगफुटीने लेहमध्ये काय केलं, ते तिथल्या कोणालाही विचारा.

आता कुत्री. लेहमधला माझा खरा शत्रू उंची नव्हती, कुत्री होती. दिवसा ती मुख्य बाजारात लोळत पडलेली असतात, पर्यटक त्यांचे फोटो काढतात. पहाटे मात्र टोळीने फिरतात आणि पळणारा माणूस दिसला की अंगावर येतात. अंधारात निघू नका. हातात काठी ठेवा. कुत्री भुंकत आली की पळणं थांबवा, पाठ न दाखवता हळूहळू चालत बाजूला व्हा, खाली वाकून दगड उचलल्यासारखं करा; बहुतेक वेळा तेवढं पुरतं. चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि सरळ रुग्णालय गाठा, आधी लस घेतली असली तरी.

स्वयंपाक आणि पाणी

लेहमध्ये पाणी साधारण ८८ अंशांना उकळतं. खळखळ उकळणारा चहा लगेच पिता येतो तो त्यामुळे. पण उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही, तासभर उकळली तरी दाताखाली येते. खोली घेताना कुकर आहे का ते विचारा आणि घरी तीन शिट्ट्या करत असाल तर तिथे पाच-सहा करा. पोहे, उपमा, पिठलं यांना काही अडचण नाही. मी घरून नाचणीचं पीठ आणि मेतकूट नेलं होतं. नाचणी वापरली, मेतकूट आमा-लेंना आवडलं म्हणून त्यांच्याकडेच राहिलं.

पण तिथलं खाऊन बघा. भाजलेल्या सातूचं पीठ, खंबीर नावाची जाड रोटी, स्क्यू (कणकेचे तुकडे घातलेला रस्सा), थुक्पा, वाळवलेले जर्दाळू. लाँग रनला खिशात जर्दाळू आणि खंबीरचा तुकडा ठेवला की जेलची (पळताना खायच्या साखरेच्या पाकिटांची) गरज पडत नाही. मिठाचा लोणी घातलेला गुरगुर चहा पहिल्या घोटाला विचित्र लागतो. चहा म्हणून न पिता सूप म्हणून प्या. उंचीवर भूक मरते, म्हणून थोडं-थोडं पण सारखं खा आणि पिष्टमय पदार्थ कमी करू नका. डाएट करायची ही जागा नाही.

पाणी भरपूर प्या, पण रोज पाच-सहा लिटर ढोसा असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. नुसतं पाणी अति झालं तर रक्तातलं मीठ उतरतं, आणि त्याची लक्षणं उंचीच्या आजारासारखीच दिसतात. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. कोरड्या हवेत घाम लगेच उडून जातो, अंग ओलं होत नाही, त्यामुळे आपण किती घामाघूम झालो ते कळतच नाही. रनवरून आल्यावर टोपीवर मिठाचे पांढरे पट्टे दिसतील, ती खूण. आणि आंघोळ जपून. बादलीभर पाणी तिथे चैन आहे, बऱ्याच घरांत शौचालयही बिनपाण्याचं.

आणखी वर जायचं असेल तर

महिनाभर राहिल्यावर खारदुंग ला खुणावायला लागतो. खिंडीतल्या जुन्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असतं. मोजणीत ती साधारण १७,५८० फूट, म्हणजे ५,३५९ मीटर भरते. तरी प्राणवायू समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास. खारदुंग गावातून निघून ही खिंड ओलांडून लेहला येणारी ७२ किलोमीटरची शर्यतही असते, पण पहिल्या मुक्कामात तिचा विचार मनात आणू नका.

मी केलं ते असं: टॅक्सीने खिंडीत गेलो, दहा मिनिटं थांबलो, थोडं खाली साउथ पुल्लूला आलो आणि तिथून लेहपर्यंत उताराने पळालो. सुमारे चोवीस किलोमीटर. सोपं वाटतं ना? दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला लोंबकळत होतो. उतारावर मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, आणि ती सवय चढ चढून होत नाही. असा लांब उतार करण्याआधी दोन-तीन आठवडे छोट्या उतारांवर सराव करा. पावलं लहान टाका, मागे रेलू नका. आणि नंतर तीन दिवस सुट्टी घ्या.

परतल्यावर

उंचीवर कमावलेल्या जादा पेशी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ओसरायला लागतात. म्हणजे सप्टेंबरात परतून जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनला त्यांचा उपयोग होईल, ही आशा सोडा. त्याचा फायदा घ्यायचाच असेल तर परतल्यावर लगेचच्या दिवसांतली एखादी दहा किलोमीटरची शर्यत बघा. चढाने मजबूत झालेल्या पोटऱ्या मात्र बरेच दिवस साथ देतात. साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात पुढच्या वर्षी पळायचं असेल तर त्या राखा.

एका गोष्टीची आठवण मला कोणी करून दिली नव्हती. दोन महिने कोरड्या थंडीत राहिल्यावर उकाड्याची सवय पार मोडते, आणि आपण परततो ते नेमके ऑक्टोबरच्या तोंडावर. पहिले दहा-बारा दिवस अंतर निम्मं ठेवा, पहाटे पाचला निघा, मीठ-साखरेचं पाणी बरोबर घ्या. मी "आता काय, भरपूर हवा आहे" म्हणत सकाळी सातला एकवीस किलोमीटरसाठी बाहेर पडलो. नवव्या किलोमीटरला उपवनच्या तलावाकाठी बाकावर बसलो आणि रिक्षा करून घरी आलो.